आधी आमिष

कोकणात सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांच्या सामानात हल्ली गळाची काठीही दिसू लागली आहे. मुंबई-पुण्याच्या दुकानांतून काठी, रीळ, चकाकणारे प्लास्टिकचे मासे असा सरंजाम घेऊन माणसं तारकर्लीला, गुहागरला, हरिहरेश्वरला उतरतात. दुपारचं जेवण आटोपून किनाऱ्यावर जातात, जमेल तितक्या लांब गळ फेकतात, तासभर वाट पाहतात आणि इथे आता मासेच उरले नाहीत असं म्हणत परततात. हे पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलं आहे. मासे कमी झाले आहेत हे खरं, पण संपलेले नाहीत. ते आपल्या वेळेला येतात आणि आपल्या खाण्याच्या जागी येतात. ती वेळ कोणती आणि ते खाणं कुठे असतं, हे ज्याने शोधलं त्याचं निम्मं काम झालं. म्हणूनच या पुस्तकाची निम्मी पानं आमिष शोधण्यावर आहेत आणि काठ्या-रिळांना त्यात फारच थोडी जागा मिळाली आहे.

मासा उथळ पाण्यात येतो तो खायला. धोका पत्करून तो गुडघाभर पाण्यात शिरतो, कारण ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या पट्ट्यात त्याचं अन्न दडलेलं असतं आणि चढत्या पाण्याबरोबर ते त्याच्या आवाक्यात येतं. वाळूतले किडे, लहान शिंपल्या, खेकड्यांची पिल्लं, दगडांच्या फटींतली कोळंबी हे सगळं आपल्याला पायी चालत जाऊन पाहता येतं. सहा तासांनी जिथे मासा तोंड घालणार आहे ती जमीन आत्ता आपल्या पायाखाली कोरडी आहे, ही सवलत खोल समुद्रात जाणाऱ्याला नाही, ती किनाऱ्यावरच्या माणसालाच आहे. बर्फातल्या कोळंबीचं पाकीट फोडून गळाला लावणारा माणूस ही सवलत वापरतच नाही. त्याला मासा मिळेलही, पण तो का मिळाला हे कळणार नाही आणि उद्या त्याच जागी काही लागलं नाही तर तेही कळणार नाही.

त्यामुळे सुरुवात भरती-ओहोटीपासून. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे. किनाऱ्यावरची जुनी माणसं हा हिशेब तिथीवरून करतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत तीच. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या पाण्याला जास्त जुळतो. खाली मालवण-वेंगुर्ल्याकडे पाणी थोडं आधी भरतं, तेव्हा अर्धा-पाऊण तास हातचा धरावा. घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर एवढी आकडेमोड कुणालाही जमते. ते कॅलेंडर १९७३ साली सुरू करणारे जयंत साळगावकर मालवणचेच, याचा मला नेहमी आनंद वाटतो.

या हिशेबात सुट्टी ठरवणाऱ्याच्या फार उपयोगाची एक गोष्ट आहे. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. तेव्हा पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतं, आणि ती मोठी ओहोटी कोकणात साधारणपणे सकाळी आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी थोडंच हलतं आणि ओहोटी भर दुपारी येते. म्हणजे पौर्णिमेच्या पाठच्या दिवशी पहाटे उठलेल्या माणसाला उजाडता उजाडता किनाऱ्याचा सगळ्यात रुंद पट्टा उघडा मिळतो, आठ वाजेपर्यंत आमिष गोळा होतं आणि मग दुपारपर्यंत चढत्या पाण्यात गळ टाकता येतो. अष्टमीला आलेल्याला हे मिळत नाही. त्याने खाडीकडे वळावं, कारण भांगाला खाडीतला ओढा मंद असतो आणि हलक्या वजनाचा गळही जागेवर राहतो. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरपर्यंत वरखाली होतं, मालवणला दोन-सव्वादोन मीटरच. त्यामुळे रायगडात ओहोटीला किनारा दूरवर उघडा पडतो, तर सिंधुदुर्गात तोच पट्टा अरुंद असतो आणि आमिष शोधायला हाती वेळही कमी राहतो. हॉटेलाचं आरक्षण करण्याआधी तिथी पाहावी असं मी सगळ्यांना सांगतो.

आता पुळण. सुट्टीतला माणूस वाळूचा किनारा पाहतो तेव्हा त्याला तो रिकामा वाटतो. खरं तर कोकणातल्या सगळ्या जागांत आमिषाने सर्वांत भरलेली आणि सर्वांत कमी ओळखली गेलेली जागा हीच. लाट फुटून परत ओसरते त्या उतारावर उभं राहून पायाकडे पाहावं. पाणी मागे सरताना वाळूवर बारीक बारीक इंग्रजी व्ही अक्षरासारख्या रेघा उमटतात. प्रत्येक रेघेच्या टोकाशी बोराएवढा, राखाडी, गुळगुळीत कवचाचा एक खेकड्याचा भाऊबंद बसलेला असतो. त्याला नांग्या नसतात. तो शेपटीकडून वाळूत शिरतो आणि पिसासारख्या मिशा बाहेर काढून ओसरत्या पाण्यातलं अन्न गाळून घेतो. भरतीबरोबर वर सरकतो, ओहोटीबरोबर खाली उतरतो. रेघ दिसताच तिच्या खालच्या अंगाला दोन्ही हातांची ओंजळ वाळूत घालून उचलली की तो हाती येतो. नुकतीच कात टाकलेला, बोटाने दाबला की दबणारा जीव सर्वांत चांगला. करकरा, कोकर, मुडदुशी या सगळ्यांचं हे रोजचं खाणं. पोटाखाली नारिंगी अंड्यांचा गुच्छ असलेली मादी मिळाली तर ती वाळूत परत ठेवावी. मुलांना हे काम इतकं आवडतं की पुष्कळदा गळ टाकायची वेळ आली तरी ती आमिषच शोधत राहतात. त्यांना थांबवू नये.

त्याहून खाली, मोठ्या ओहोटीलाच उघडा पडणारा जो सपाट, ओला पट्टा असतो तिथे वाळूतून बोटभर वर आलेल्या नळ्या दिसतात. त्यांना शिंपल्यांचे तुकडे, काटक्या, शेवाळाचे धागे चिकटलेले असतात, त्यामुळे कचराच वाटतो. ते घर आहे. आत वीतभर लांबीचा, अंगावर इंद्रधनुषी झाक असलेला किडा राहतो. पावलांची थरथर त्याला कळते आणि तो नळीत खोल जातो. म्हणून नळीच्या अगदी जवळ न जाता बाजूने फावडं तिरकं घालून एका दमात वाळूचा गठ्ठा उलटावा लागतो. दुसऱ्यांदा संधी मिळत नाही. मुडदुशीसाठी याच्यासारखं आमिष नाही. मुंबईकडे जिला रेणवी म्हणतात ती ही मुडदुशी अगदी लहान तोंडाची, वाळूत नाक खुपसून खाणारी आणि चवीला इतकी नाजूक की कोकणात आजारातून उठलेल्याला तिचं तिखलं खाऊ घालतात. ती पहिल्या लाटेच्या मागच्या खळग्यातच फिरत असते. लांब फेकण्याच्या नादात बहुतेक जण गळ तिच्या डोक्यावरून पलीकडे टाकतात. बारीक गळ, किड्याचा जेमतेम पेराएवढा तुकडा, हलकं शिसं आणि वीस पावलांवरची फेक, एवढ्यावर सुट्टीतल्या पहिल्या दिवशी मासा मिळू शकतो.

खाडीचं प्रकरण वेगळं आहे, कारण खाडी रिकामी नसते. तिथे माणसं कामावर असतात. रत्नागिरीजवळ भाट्याला, मालवणच्या उत्तरेला आचऱ्याला ओहोटी लागली की बाया कमरेएवढ्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या बोटांनी चाचपून तिसऱ्या काढतात. कुणी उघड्या पडलेल्या चिखलात मुळे नावाच्या शिंपल्या शोधतात, कुणी दगडांवरची कालवं फोडून त्यातला गर काढतात. टोपलीभर तिसऱ्यांमागे कंबर मोडणारे तीन-चार तास असतात आणि त्यावर घर चालतं. मला चिखल वाचायला त्यांनीच शिकवलं. कुठल्या भोकात खेकडा आहे आणि कुठलं भोक रिकामं, पाय कुठे घोट्यापर्यंत रुतेल आणि कुठे मांडीपर्यंत, हे त्या लांबून सांगतात. सुट्टीतल्या माणसाने त्यांच्या पट्ट्यात आमिषासाठी फावडं मारू नये. तिसऱ्या हव्या असतील तर त्यांच्याकडून विकत घ्याव्यात, घासाघीस न करता, आणि त्याच वेळी विचारावं की आज मासा कुठे उडतोय. पैसे देऊन घेतलेल्या वाट्याबरोबर जी माहिती मिळते ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

खाडीत स्वतः शोधायचं आमिष म्हणजे जिवंत कोळंबी, मालवणीत सुंगटं. खाजणाच्या कडेला, कांदळवनाच्या मुळांशी ओहोटीला जी डबकी राहतात त्यांत हातजाळीने ती मिळतात. बादलीत खाडीचंच पाणी घ्यावं, बादली सावलीत ठेवावी, पाणी तासातासाने बदलावं. शेपटीच्या टोकाजवळ गळ अडकवला तर कोळंबी जिवंत राहते आणि उडी मारत राहते. तिच्यावर तांबोशी येते, आणि नशीब असेल तर चोणक, म्हणजे रायगडातला जिताडा. कांदळाच्या मुळांना मात्र हात लावू नये. मुळं उपटून किडे काढणारे मी पाहिले आहेत. आज चार किडे मिळतात आणि ज्या मुळांत कोळंबीची पिल्लं वाढतात ती जागाच जाते. कांदळवनाला कायद्याचंही संरक्षण आहे.

खडपाबद्दल या पुस्तकात थोडंच लिहिलं आहे. जांभ्याच्या आणि काळ्या दगडाच्या खडपांवर आमिष पुष्कळ मिळतं, शंखातले खेकडे, कालवं, फटीतल्या कुर्ल्या. पण तिथे नवख्याने एकट्याने जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेवाळ धरलेल्या दगडावर पाय टिकत नाही आणि सात लाटा शांत येऊन आठवी अंगावर येते. हेदवीची बामणघळ पाहिलेल्याला दगडाच्या फटीत शिरणाऱ्या भरतीचा जोर काय असतो हे सांगावं लागणार नाही. जायचंच तर उतरत्या पाण्यात जाऊन पाणी वळताच परतावं, आणि जो दगड उलटवला तो जसा होता तसा पालथा घालावा. दगडाच्या खालच्या बाजूला जे जीव चिकटलेले असतात ते उन्हात फार वेळ तग धरत नाहीत. मालवणात आणखी एक पथ्य आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याचं क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर आहे आणि किल्ल्यालगतचा गाभा त्यातही अधिक जपलेला. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहे, आणि प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. आमिषासाठी तिथला दगडच काय, शिंपलाही उचलू नये.

सगळ्यांना पहाटे उठून वाळू उपसणं जमणार नाही, घरात म्हातारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात. अशांनी मासळीबाजारात जावं, पण लिलाव चालू असताना, उरलंसुरलं विकायच्या वेळी नव्हे. म्हाकूल घ्यावं. ते चिवट असतं, लाटेत गळावरून निघून जात नाही आणि लहान माशांनी टोचलं तरी टिकतं. पेडवे स्वस्त आणि वासाचे, पण मऊ. त्यांचा तुकडा दोऱ्याने गळाला गुंडाळून बांधावा लागतो. बर्फातली कोळंबी घेतली तर सोलून जाड्या मिठात रात्रभर ठेवावी, मांस घट्ट होतं. शिंगाळ्यासाठी पेडव्यासारखं दुसरं काही नको, कारण गढूळ पाण्यात तो डोळ्यांवर विसंबत नाही, वासावर येतो. आणि गावात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर सगळं बाजूला ठेवून दोराला हात लावावा. ओढायला मदत करणाऱ्याला मूठभर मासळी देण्याची रीत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्यातली लहान मासळी ताज्यात ताजं आमिष, आणि जाळ्यात काय आलं ते पाहिलं की आज किनाऱ्याजवळ कोणता मासा आहे तेही कळतं.

आमिषाचा एवढा विचार ही आजची हौस नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या आसपास, ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद म्हणून एक भाग आहे. समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे अशी माशांची विभागणी करून कोणत्या माशाला काय खाऊ घालून जमवायचं आणि मग गळ कसा टाकायचा हे त्यात सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. मराठी मुलखाच्या इतक्या जवळ लिहिलेल्या या ग्रंथातही गळाआधी खाणं येतं, हे वाचून मला फार बळ आलं. पुढे इंग्रजी अमदानीत गळावर जी पुस्तकं आली, जसं १८७३ चं एच. एस. टॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’, त्यांचा मुख्य नायक नदीतला महसीर. किनाऱ्यावर उभं राहून गरवणाऱ्या कोकणी माणसाची विद्या मात्र तोंडीच राहिली. काळवंडलेल्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस (गळाची दोरी), एक गळ आणि शिशाचा तुकडा एवढ्यावर घराला रोजचं कालवण पुरवणारी माणसं वेंगुर्ल्याच्या बंदरावर, देवबागच्या संगमावर अजून दिसतात. ती बोलायला तयार असतात, फक्त त्यांच्या शेजारी गप्प बसायची तयारी हवी.

मासा लागल्यावर काय, हे पुस्तकाच्या शेवटच्या भागात सविस्तर आहे. इथे फक्त काही गोष्टी. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना करवतीसारखे काटे असतात, त्याला उघड्या हाताने धरू नये. पाकट उथळ वाळूत अंग झाकून बसते, म्हणून पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावं म्हणजे ती आधीच निघून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात, आणि मग दवाखाना गाठावा. पोट फुगवणारा केंड गळाला आला तर सोडून द्यावा. त्याचं विष शिजवून जात नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यातही उतरू नये, देवबागला तर मुळीच नाही.

आणि लहान मासा परत सोडावा. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. तो नियम बाजारासाठी असला तरी आपल्या पिशवीलाही लागू करायला काय हरकत आहे? मोठ्या चोणकाच्या बाबतीत मी आणखी पुढे जाईन. चोणक आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि नंतर मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे चोणक जवळजवळ सगळे अंडी घालणाऱ्या माद्या. ज्याला घर चालवायचं आहे त्याने तो ठेवावा, त्याचा हक्क आहे. सुट्टीत आलेल्याने फोटो काढून सोडावा. तुटलेली तंगूस मात्र एक वीतभरही किनाऱ्यावर राहू देऊ नये. ती पक्ष्यांच्या पायांत आणि कासवांच्या मानेत अडकते. वेळास, आंजर्ले आणि इतर अनेक किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्या दिवसांत रात्री तिथे विजेऱ्या घेऊन आमिष शोधत फिरू नये.

पावसाळ्यावर या पुस्तकात प्रकरण नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. गळ टाकणाऱ्याला ती बंदी लागत नाही, पण त्या दिवसांत पुळणीचा उतार रोज बदलतो, नळ्यांचे पट्टे वाहून जातात आणि खडपावर उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. नारळी पौर्णिमेनंतर खाड्या हळूहळू निवळतात, दसऱ्यापर्यंत पुळण पुन्हा बसते, आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे महिने नवशिक्याला सर्वांत सोपे. पुढच्या पानावरचं तिथी आणि ओहोटीचं कोष्टक याच महिन्यांसाठी केलं आहे. सुट्टीच्या तारखा ठरल्या नसतील तर आधी ते पाहावं. तारखा ठरल्या असतील तर त्या दिवशी पुळणीवर जायचं की खाडीवर, एवढं त्यातून काढून घ्यावं आणि सोबत एक फावडं, एक बादली आणि बारीक जाळी ठेवावी.